विहीर दाखवणारा हात

'पाताळवीर'च्या पहिल्या भागात साळूबाई फार तर अर्धा मिनिट दिसते. त्या अर्ध्या मिनिटावर तिनं शहरात तीन वर्षं मान मिळवला होता.

त्या सिनेमाचं शूटिंग सिल्लोडच्या पुढं तिच्या गावात झालं. त्यांना दुष्काळी गाव पाहिजे होतं, आणि त्या साली ते शोधायला लांब जावं लागत नव्हतं. गोष्टीतला नायक टाच मारून जमिनीतून पाणी काढतो. पण त्याची ताकद जाते आणि तो तहानेनं एका गावात कोसळतो. कोणी दार उघडत नाही. मग एक म्हातारी येते आणि घरातली शेवटची घागर त्याच्या ओंजळीत रिकामी करते. त्या पाण्यानं त्याची ताकद परत येते. ती म्हातारी म्हणजे साळूबाई. तिला म्हणायला एक लांबलचक वाक्य दिलं होतं, त्यात माणुसकी, धर्म असं बरंच काही होतं. ते तिला आठवेना. समोरचा पोरगा उन्हानं खरोखर सुकलेला दिसला, तेव्हा ती आपल्या मनानं म्हणाली, "पी बाबा, उद्याचं उद्या बघू." त्यांनी तेच ठेवलं.

मी तेव्हा शहागंजातल्या एका टॉकीजमध्ये दारावर तिकिटं फाडायचो. ते वाक्य यायच्या आधीच सगळं थिएटर ते म्हणायचं. वर्षभरात ते रिक्षांच्या मागच्या बाजूला रंगवलेलं दिसायला लागलं.

पुढं गावची विहीर आटली आणि साळूबाई लेकीकडं राहायला आली. हर्सूलच्या पुढं गुंठेवारीची आमची वस्ती, तिचं घर माझ्या घराला लागून. शहर त्या बाजूला नुसतं पळत होतं. काल ज्वारीचं रान असलेल्या जागी आज प्लॉटचे दगड दिसायचे आणि महिन्यात पत्र्याचं घर उभं राहायचं. घरं आली, नळ मात्र आले नाहीत. पाणी टँकरनं यायचं आणि त्यावर रोज कोणाच्या ना कोणाच्या झिंज्या धरल्या जायच्या. टँकरच्या रांगेचा कारभार मालनबाईकडं होता. ती एकदा हातात पाईप धरून म्हणाली, "हिनं शेवटची घागर दिली, आता हिला पहिली द्या." म्हणाली थट्टेत, पण तीच रीत पडली. पहिली घागर साळूबाईची. ती भरेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही, आणि ती भरली की पुढच्या रांगेलाही जरा वळण यायचं.

दुसऱ्या भागासाठी सिनेमावाल्यांची गाडी तिला न्यायला वस्तीत आली, तेव्हा पोरं गाडीमागं पार रस्त्यापर्यंत पळाली. ती परत आली आणि मला म्हणाली, "बद्रीनाथ, या टायमाला पाणी देते, अन् मंग इहीर दावते." कॅमेऱ्यामागून एकानं तिला विचारलं होतं, आजी, गावची विहीर कुठंय? तिनं हात लांब करून दाखवली. ती विहीर तिच्या सासऱ्यानं खणलेली. आता ती सगळ्या देशाला दिसणार होती. त्यानंतर कित्येक दिवस ती ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला तोच हात तसाच लांब करून दाखवायची.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात दुसरा भाग लागला. जालना रोडवर नवे मॉल झाले होते, तिथं गार हवेत सिनेमा दिसायचा. तरी पाताळवीरवाली, म्हणजे त्या सिनेमाची वेडी पोरं पहिला शो आमच्याच टॉकीजला बघणार, असं त्यांचं ठरलेलं. त्यांचा म्होरक्या शंतनू. राहायला उस्मानपुऱ्यात, घर वकिलांचं, स्वतः इंजिनिअरिंगला. मोबाईलवर तो पाताळवीरचं पान चालवायचा आणि दूरदूरची माणसं ते वाचायची. त्याचा जोडीदार हबीब, याचं शहागंजातच शिलाईचं दुकान. सगळ्या टोळीचे हिरवे शर्ट त्यानंच शिवले होते. हबीबची बहीण कहकशा कॉलेजला होती. पहिल्या भागातला प्रत्येक शब्द तिला पाठ होता.

साळूबाईला बोलवायला शंतनू स्वतः वस्तीत आला. नवं लुगडं आणलं, रिक्षा आणली, टॉकीजच्या दारात तिच्या गळ्यात हार घातला. बाल्कनीत मधोमध तिला बसवलं आणि तिच्या शेजारी तो बसला.

तो सीन मध्यंतरानंतर आला. मी दाराशी उभा होतो. पडद्याचं शूटिंग करणाऱ्यांना हटकणं हे माझं काम. शंतनूच्या मोबाईलचा बारका दिवा लागलेला मला दिसला, पण मोबाईल पडद्याकडं नव्हता. तो उलटा धरलेला होता आणि उजेड साळूबाईच्या तोंडावर पडला होता.

पडद्यावर तीच घागर, तेच हात. नायक पाणी पितो. मागून तिचाच आवाज येतो, पहिल्या भागातला, "पी बाबा, उद्याचं उद्या बघू." नायकाचे डोळे मिटतात आणि घागरीतलं उरलेलं पाणी काळं दिसायला लागतं. मग शत्रूची माणसं येतात आणि विचारतात, कुठं लपलाय तो? साळूबाई हात लांब करून दाखवते. त्या हाताच्या दिशेनं कॅमेरा जातो, तर तिथं विहीर नसते. तिथं गोठ्यात बेशुद्ध पडलेला नायक असतो.

मग खालून कोणीतरी ओरडलं, "बुढ्ढी गद्दार निकली!" शिट्ट्या, शिव्या, पडद्यावर कागदाचे बोळे. साळूबाई पडद्याकडं बघत तशीच बसली होती. तिचा उजवा हात मांडीवरून थोडा वर उचललेला होता, तो ना खाली जात होता ना वर.

शो सुटल्यावर टोळी नेहमीप्रमाणं समोरच्या हॉटेलात बसली. साळूबाईला घरी न्यायचं होतं म्हणून मीही होतो. ती बाकड्याच्या टोकाला हार मांडीवर घेऊन बसली. तिच्यापुढं चहा ठेवला आणि पोरं सिनेमावर तुटून पडली.

पाईपलाईनवरची मारामारी पहिल्या भागापेक्षा सरस, यावर एकमत झालं. खलनायकही जोरदार होता. संगीतावर थोडी वादावादी झाली. हबीबचं म्हणणं, नायकाला शहरात नेऊन कोट घालायची काय गरज होती, पाऊण तास तो एकदाही टाच मारत नाही, नुसता टाय सांभाळतो. त्यावर सगळे हसले. परदेशातल्या गाण्याला सगळ्यांनीच नावं ठेवली. इथं आठ-आठ दिवस नळ कोरडे आणि तो कारंज्यात नाचतोय. शंतनूनं तेही मान्य केलं. मग तो म्हणाला, पण म्हातारीचा सीन म्हणजे या सिनेमाचा कळस आहे.

"पहिल्या भागात सगळे चांगलेच होते," तो म्हणाला. "जग तसं नसतं. दुष्काळात माणूस बदलतो. ज्या हातानं पाणी दिलं तोच हात दगा देतो, हे दाखवायला हिंमत लागते."

"तू कौनसा दुष्काळ देखा रे?" हबीब म्हणाला. "तुझ्या बिल्डिंगीवर टाकी आहे."

"मुद्द्यावर बोल."

"मुद्द्यावरच बोलतोय. कपडा उसवला म्हणतोस, तर टाका कुठं तुटला ते दाखव. ती बाई का फिरली? एक सीन आहे का तसा? नाय. नुसता धक्का द्यायचा म्हणून दिला."

शंतनू म्हणाला, कारण सांगितलं असतं तर धक्का बसला नसता. कहकशा बाकड्यावर पुढं सरकली. ती म्हणाली, "दुसरा भाग वाईट निघाला तरी चालतं. घरी जाऊन आपण पहिला बघतो. यांनी पहिलाच खराब केला. आता ती ओंजळ बघताना आधी तिच्या हाताकडं बघावं लागणार."

यावर बराच वेळ घोळ चालला. म्हातारी असं करेल का, म्हातारीला आधीपासून पेरलेली होती का, तिसऱ्या भागात म्हातारीला नायक मारेल की माफ करेल. ती म्हातारी त्याच बाकड्यावर बसली होती आणि तिच्यापुढचा चहा गार झाला होता.

"इहीर कुठं गेली?" साळूबाईनं विचारलं.

पोरं थांबली. शंतनू हसून म्हणाला, "आजी, तो एडिटिंगचा भाग असतो. तुमचा हात घेतला आणि पुढं दुसरं चित्र जोडलं."

"मी इहीर दावली होती."

"हो आजी. पण काम फार भारी झालंय तुमचं."

कहकशा त्याच्याकडं बघत होती. "तुला आधीच माहीत होतं," ती म्हणाली. "सीन यायच्या आधी तुझा दिवा लागला होता."

शंतनूनं लपवलं नाही. पानं चालवणाऱ्या काही जणांना सिनेमावाल्यांनी आधीच बोलावून सिनेमा दाखवला होता, बोलायचं नाही या अटीवर. सांगितलं असतं तर आजींच्या चेहऱ्यावर ते खरं खरं आलं नसतं, असं तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. त्याला वाटत होतं की आपण तिला सिनेमाच दाखवला, दुसरं काय केलं?

हबीबनं चहाचा कप बाजूला सारला आणि तो उठून दुकानाकडं गेला. साळूबाईनं हार बाकड्यावर ठेवला.

दोन दिवसांत तिचा चेहरा सगळ्या मोबाईलवर आला. वर लिहिलं होतं, पाताळवीरच्या आजीला कळलं की ती गद्दार आहे. खाली हसणारी तोंडं. वस्तीतली पोरं तिच्या ओट्यावरून जाताना हात लांब करून दाखवायची आणि पळायची. पोरांना त्यात दुसरं काही कळत नव्हतं. त्यानंतर साळूबाईनं कोणाला रस्ता सांगायचा झाला तरी हात उचलला नाही, हनुवटीनं सांगायची.

टँकर आला तेव्हा मालनबाईची घागर पहिल्या जागी होती. तिनं ती हलवली नाही. "आक्का, आज आम्ही भरतो आधी," ती म्हणाली. "तुमच्या हातचं पाणी तपासून घ्यावं लागंल आता." बायका हसल्या. वैर कोणाच्या मनात नव्हतं, पण हसल्या. साळूबाईनं आपली घागर उचलली, रांगेतल्या ड्रमच्या मागं शेवटी नेऊन ठेवली आणि तिथं उभी राहिली. तिच्या वाट्याला टँकरच्या तळाचं गढूळ पाणी आलं.

त्याच दुपारी हबीब शंतनूला घेऊन आला. माफी माग म्हणून त्यानंच त्याला आणलं होतं. मी ओट्यावर होतो, पलीकडं मालनबाई धुणं वाळत घालत होती. शंतनूनं माफी मागितली, साळूबाईच्या पायालाही हात लावला. मग त्यानं खिशातून मोबाईल काढला. म्हणाला, लोकांचा गैरसमज घालवायचा तर तुम्ही एकदा हसून ते वाक्य म्हणा, मी सगळीकडं टाकतो. हबीबला हे माहीत नव्हतं.

ऊन मरणाचं होतं. दोघांची तोंडं वाळली होती. साळूबाई आत गेली, दोन गिलास भरून घेऊन आली आणि दोघांच्या हातात दिले.

हबीबनं एका दमात पिऊन टाकलं.

शंतनूनं गिलास तोंडापर्यंत नेला आणि थांबला. आत बघितलं. पाणी गढूळ होतंच, म्हणूनही थांबला असेल. पण मग त्याचं त्यालाच हसू आलं आणि तो म्हणाला, "सॉरी आजी. सिनेमा डोक्यातून जातच नाही."

साळूबाईनं त्याच्या हातातून गिलास घेतला. सगळं पाणी ती स्वतः प्यायली, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. गिलास ओट्यावर पालथा घातला.

"पाणी कधीबी माग, देईन," ती म्हणाली. "ते बोल मातर आता मिळायचे नाय."

हबीब म्हणाला, "चल." गाडी त्याची होती, पण त्यानं शंतनूला मागं बसवलं नाही. शंतनू रस्त्यापर्यंत उन्हात चालत गेला. तारेवरचा ओला कपडा हातात धरून मालनबाई बराच वेळ तशीच उभी होती.

पुढचा टँकर आला तेव्हा तिनं आपली घागर मागं घेतली आणि पहिली जागा मोकळी ठेवली. "आक्का, या," तिनं हाक मारली. साळूबाईनं ऐकलं. तिनं आपली घागर उचलली आणि मागच्यासारखी ड्रमच्या मागं, शेवटी नेऊन ठेवली. मालनबाईनं दुसऱ्यांदा हाक मारली. साळूबाई जागची हलली नाही.

टँकरवाल्यानं पाईप मोकळ्या जागेवर धरला आणि विचारलं, पहिली कोणाची? एकाही बाईनं घागर पुढं सरकवली नाही. पाईपाच्या तोंडातून पाणी मातीवर गळायला लागलं.

मागून साळूबाईच म्हणाली, "भरा गं. सांडायलंय."