जर्मन साहेबाची दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो, आणि मला माणसाच्या डोळ्यांची भीती वाटते. हसू नका. माझी कहाणी ऐकलीत तर तुम्हालाही वाटेल.

शंभरावर वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पितळी अंग, त्यावर काळं कातडं. कारागिराने मला उचलून खिडकीबाहेरची चिमणी पाहिली आणि तो खूश झाला. तोच माझा शेवटचा निर्धास्त दिवस. मग मला ओटो नावाच्या कोवळ्या लेफ्टनंटच्या गळ्यात अडकवलं. तो तोफखान्यात होता. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलात बसून तो माझ्यातून पलीकडच्या शत्रूच्या खंदकांकडे पाहायचा. कुणी दाढी करत असे, कुणी मोजे वाळत घालत असे. ओटो तोफेवरच्या माणसांना तिथवरचं अंतर सांगायचा. मग धूर, आणि त्या जागी कुणीच नसायचं. पहिल्यांदा त्याचे हात थरथरले. पुढे थरथरेनासे झाले, आणि तिथून मी घाबरू लागले.

त्या युद्धात जर्मनी हरला. ओटो मात्र फौजेतच राहिला, कॅप्टन झाला, मेजर झाला. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा कर्नल ओटोचे केस पिकले होते, छातीवर पदकं होती. पोलंड, रशिया, इटली, सगळीकडे मी त्याच्या गळ्यात. लोक म्हणत, "साहेबांची नजर चुकत नाही." अहो, नजर माझी होती! त्या कौतुकाने माझ्या अंगावर काटा यायचा. शेवटी इटलीत तो शरण आला आणि मी मराठा पलटणीतल्या एका कोकणी जवानाच्या हाती पडले.

त्याने मला नायगावच्या चाळीत आणलं. दसऱ्याला कोयत्याशेजारी ठेवून मला हळदकुंकू वाहिलं जाई, एरवी मी माळ्यावर. मला माळाच बरा वाटायचा.

यंदा चाळ पाडायला घेतली. जवानाचा नातू दौलत, त्याची बायको मालन आणि मुलगी अक्षदा समोरच्या नव्या टॉवरमध्ये राहायला आले. सामान हललं तो दिवस एकादशीचा. त्या दिवशी तुळशीला हात लावायचा नाही, म्हणून मालनने कुंडी जुन्या खिडकीतच ठेवली. मग आणायची राहून गेली.

एका सकाळी अक्षदाने मला खोक्यातून काढलं आणि चाळीकडे रोखलं. मी गारठले. पाडकामाच्या मशीनचा जबडा चाळीच्या एका टोकाच्या भिंतीला भिडला होता. आणि आमच्या खिडकीत मालन! कुंडी उचलत होती.

"पप्पा, आई तिकडे आहे! चाळीत!"

"काय बोलतेस? ती भाजीला गेलीय."

"फोन लावा ना तिला!"

मालनचा फोन घरातच चार्जिंगला होता. दौलतने चाळीच्या फाटकावर उभ्या असलेल्या कमिटीच्या आनंदाला फोन लावला. "आनंद्या, मशीन थांबव! मालन वर आसा!"

अक्षदा मला डोळ्यांवरून न काढता "आई, आई" ओरडत होती. एवढ्या उंचावरून ऐकू जाणार नव्हतं, तरी ओरडत होती. भिंत कोसळली. धूळ उठली. मला पुन्हा तोच जुना धूर दिसला.

धूळ बसली तेव्हा जबडा थांबला होता. आनंदा मालनला हाताला धरून बाहेर आणत होता. तिच्या कडेवर कुंडी होती.

घरी दौलत खूप चिडला. "तुळस थयच टाकून कशी येतलंय मी?" मालन म्हणाली आणि रडू लागली.

मित्रांनो, माझी भीती अजून गेलेली नाही. मला जपा, माझ्या भिंगांवर बुरशी धरू देऊ नका. पण मला डोळ्यांना लावण्याआधी एवढं ऐका. दूरचा माणूस ओटोलाही अक्षदाइतकाच स्पष्ट दिसायचा. त्याने अंतर सांगितलं. तिने हाक मारली.