कुंपणाजवळची जागा

“खाट रिकामी आहे आजोबा, पण ती फोंगांची आहे,” मी म्हणालो. “तुमचं आडनाव काय म्हणालात?”

“ताम.” दारातल्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर वळकटी होती आणि बूट चिखलाने जड झाले होते. नासपतीच्या बागांतलं काम संपलं की असे लोक नदीच्या बांधावरून चालत अमेरिकेतल्या आमच्या चिनी गल्लीत येत.

“तामांचं घर या गावात नाही. सॅक्रामेंटोला जा.”

“एवढं चालवत नाही रे आता. दोन दिवस पडू दे. खोकला उतरला की जाईन.”

“माझ्या हातात काही नाही. नियम आहे. तो बघा, भिंतीवर लावलाय.”

फोंग मंडळाचा मी स्वयंपाकी, राखणदार आणि त्या काळात थोडा अंमलदारही होतो. हातात किल्ल्या आल्या की माणसाची मान ताठ होते, तशी माझी झाली होती. भिंतीवरचा नियम चुंगकाकांनी स्वतः कुंचल्याने लिहिला होता: वरच्या आठ खाटा फक्त फोंग आडनावाच्या माणसांसाठी. सुरुवातीला कुणीही यायचं, खाटेवरून डोकी फुटायची आणि आमचाच आजारी माणूस जिन्यात पडून राहायचा. “घर सगळ्यांचं झालं की कुणाचंच राहत नाही,” काका म्हणायचे.

फोंग वाय-चुंग, म्हणजे चुंगकाका, तांदूळ, चहा आणि खाऱ्या माशांचे व्यापारी. मंडळ उभं राहिलं ते त्यांच्यामुळे. त्याआधी आमच्यातला एक मजूर मळ्यावरच्या तबेल्यात मेला आणि चार दिवस कुणाला पत्ता नव्हता. काकांनी दुकानाला कुलूप लावलं आणि महिनाभर मळ्यामळ्यांतून फिरून एकेका फोंगाला गाठलं. त्यातून हे घर झालं, त्यात पूर्वजांचा देव्हारा झाला आणि टेकडीवर मेलेल्यांसाठी कुंपण घातलेली जागाही झाली.

त्या दिवशी काका तिथेच टेबलाशी चहा पीत बसले होते. त्यांनी मान वर करून दाराकडे पाहिलं. म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी पेला खाली ठेवला, तो जरा जोरात ठेवला गेला.

“नियम तो नियम,” ते म्हणाले. मग उठून टोपी घालत म्हणाले, “दुकानात पोती उचलायला माणूस हवाय मला. मागच्या खोलीत झोपायची सोय होईल. येता?”

म्हातारा त्यांच्यामागून निघून गेला. मी मात्र संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना हसवलं, “काका पक्के व्यापारी हां! मरायला टेकलेला हमालसुद्धा फुकट पदरात पाडून घेतला!” माझी जीभ तेव्हा फार चालायची.

महिनाभराने मंडळात बदक शिजलं. काकांचा वाटा घेऊन मी दुपारी दुकानात गेलो. पुढे कुणी नव्हतं. मागच्या खोलीतून आवाज आला:

“कुत्र्या, पेजेत मीठ कमी आहे रे.”

“वैद्याने कमीच सांगितलंय. गप गिळ.” हा आवाज काकांचा होता.

नजर लागू नये म्हणून पोराला असं हलकं नाव ठेवायची आमच्याकडे रीत आहे. पण त्या नावाने हाक मारतात ती आई, बाप आणि पाठची-पुढची भावंडं. मोठेपणी ते नाव बाहेरच्या कुणाला ठाऊकही नसतं. आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना कुत्र्या म्हणणारा माणूस कोण, हे मला कुणी सांगायची गरज उरली नाही. दाराच्या फटीतून दिसलं, काका जमिनीवर उकिडवे बसून त्या हमालाला चमच्याने पेज भरवत होते.

त्यांनी मला पाहिलं, तसे ते बाहेर आले आणि दार लोटून घेतलं.

“थोरला भाऊ आहे माझा. मी तामच. फोंग हा नुसता कागद.”

त्या काळी अमेरिकेत उतरायचं तर इथल्या कुणाचा मुलगा असल्याचा कागद लागायचा. नसला तर विकत घ्यायचा, आडनावासकट. घेतलेलं नाव मग जन्मभर अंगावर वागवायचं.

“मग सांगून टाका ना समितीला!” मी म्हणालो. “तुमच्या शब्दापुढे कोण जातंय? आत्ता खाट देतो मी.”

“समितीला सांगितलं की गल्लीला कळणार. गल्लीला कळलं की सरकारी कचेरीला. मी फोंग नाही ठरलो, तर माझे मुलगे आणि पुतणे म्हणून आलेले अकरा जण कोण ठरतात? त्यांना बोटीत बसवतील. तू कुणाचा पुतण्या म्हणून आलास, आठवतंय का?”

आठवत होतं. बंदरावरच्या साहेबाने काकांच्या गावाकडच्या घराला पायऱ्या किती, विहीर कुठल्या बाजूला, असं तीन दिवस विचारलं होतं आणि मी घोकलेली उत्तरं दिली होती. मी बदकाची थाळी ठेवली आणि मान खाली घालून परत आलो. इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

नव्या वर्षी काकांनी नेहमीप्रमाणे फोंग पूर्वजांपुढे पहिली उदबत्ती लावली. वीस वर्षं ते परक्यांच्या आजे-पणज्यांपुढे वाकत होते आणि त्यांचं स्वतःचं माणूस पोत्यांमागे खोकत होतं. पुढच्याच महिन्यात ते गेलं. टेकडीवर कुंपणाच्या आत फक्त फोंग, हाही काकांचाच नियम. थोरल्याला खालच्या कोपऱ्याशी, कुंपणाबाहेर, बेवारशांच्या रांगेत पुरलं. काका पुरायला आले ते मालक म्हणून, सुतकाची पांढरी पट्टी न बांधता. परतताना ते एवढंच म्हणाले, “नियम मी चांगला केला होता रे.”

पुढे जपानशी युद्ध पेटलं आणि पुरलेल्यांची हाडं काही वर्षांनी उकरून मायदेशी, ज्याच्या त्याच्या गावाला पाठवायची रीत थांबली. मंडळात सगळे हळहळले. काका माझ्या कानाशी म्हणाले, “बरंच झालं. माझी कुठल्या गावाला पाठवली असती तुम्ही?”

ते वारले तेव्हा समितीने टेकडीच्या माथ्यावरची, मधोमध जागा राखून ठेवली होती. पण काकांची चिठ्ठी निघाली: मला खालच्या कोपऱ्यात, कुंपणाला लागून ठेवा.

“तिथं पाणी साचतं!” चिटणीस ओरडले. “संस्थापकांना काय गटारात पुरायचं? शेवटी बुद्धीच चळली म्हाताऱ्याची.”

“चिठ्ठी त्यांच्याच हातची आहे,” मी म्हणालो. “तेव्हा नियम तो नियम.”

फार वर्षांनी मी काकांचे ते शब्द उच्चारले. काकांना कोपऱ्यातच पुरलं. दगडावर मात्र फोंग वाय-चुंग असंच कोरलं. त्याला इलाज नव्हता.

आता वसंतात थडगी झाडायच्या दिवशी पहिली दारू ओतायचा मान माझ्याकडे आहे. काकांच्या दगडापुढे तीन पेले ओततात. दोन मी तिथे ओततो. तिसऱ्याला कुंपणाच्या तारेतून हात पलीकडे घालतो. मनगटाला ओरखडे येतात.

“आजोबांचा हात फार थरथरतो,” पोरं म्हणतात. “दरवर्षी एक पेला बाहेरच सांडतात.”

मी त्यांना सांडला असंच म्हणू देतो.