पायपेटीच्या पोटातलं पाणी

मित्रांनो, मी पायपेटी. वय झालंय, पण अजून गाते. म्हणूनच तर जीव मुठीत धरून असते.

मुंबईच्या एका सुतारानं मला सागवानातून घडवलं, पोटात कातडी भाता बसवला. स्टेशनवरून बैलगाडीनं मी लष्करी छावणीतल्या या चर्चमध्ये आले. कडेला लहानसं चॅपल, म्हणजे प्रार्थनेची खोली आहे, खास गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी बांधलेलं. नाताळात माझ्या पहिल्या सुराला अख्खी मंडळी उठून उभी राहायची.

इथली एक रीत मात्र माझा थरकाप उडवते. वाजवणारा गेला, की त्याचं वाद्य हार घालून चॅपलच्या भिंतीशी लावतात. मानानं! पुन्हा कुणी हात लावत नाही. इथले जुने वादक बद्रीनाथ, त्यांचं व्हायोलिन तिथंच टांगलंय. त्याच्या पोटात आता पाल राहते.

मला वाजवायच्या कस्तुराबाई. त्यांच्याकडे शिकणारी मुलं शेंद्र्याच्या कारखान्यांत कामाला लागली. मग दुष्काळाची वर्षं आली. शेजारी इमारती उठल्या, बोअरच्या यंत्रांनी भिंती हादरायच्या, आणि नळ मात्र कोरडे. कोरड्या हवेत माझं लाकूड तडकतं, म्हणून कस्तुराबाई टँकरच्या पाण्याची एक वाटी रोज माझ्या पोटात ठेवायच्या.

त्यांची सून रत्नमाला, तीही कारखान्यात जायची, चिडायची. "आत्याबाई, माणसाला प्यायला नाय, अन् पेटीला पाणी? उद्या चहा बी पाजाल!"

"पाजीन. तुझ्यापरीस गोड बोलती ती."

पुढं कस्तुराबाईंना खोकला लागला. त्या खोकल्या, की माझा भाता आतल्या आत आवळायचा.

ऐन मे महिन्यात त्या गेल्या. वाटी आटली. एका दुपारी माझ्या फळीला कट्‌कन तडा गेला. आणि पाळक रामहरी झेंडूचा हार घेऊन आले. त्यांच्यासोबतच्या दोघांनी मला भिंतीकडे सरकवायला धरलं. ओरडू कशी? कुणी हवा भरल्याशिवाय मला आवाजच नाही.

"थांबा!" दारात रत्नमाला. कारखान्यातून तशीच आलेली, हातात भरलेली वाटी.

"रत्नमाला, रीत आहे आपली," पाळक म्हणाले.

"मेलेल्याची रीत हाय ती, पाळकसाहेब. ही जिती हाय. रोज पाणी पिती."

तिनं वाटी आत ठेवली, पायानं भाता दाबला, एका बोटानं सूर धरला. तडा घरघरला. ती हसली, आणि तिचे डोळे भरून आले.

"आत्याबाई, ही बी तुमच्यावानीच खोकती की वं!"

पाळकांनी हार भिंतीवरच्या कस्तुराबाईंच्या फोटोला घातला.

भीती अजून गेलेली नाही. रत्नमालेला एकच गाणं येतं, तेही अर्धं. पण मित्रांनो, तुमच्याकडे एखादं जुनं वाद्य असं मानानं ठेवलेलं असेल, तर आज त्याचा हार काढा आणि वाजवून बघा. बेसूर वाजलं तरी चालेल. गप्प नको.