पदवीच्या कागदाची पाठ

मित्रांनो, आधी माझ्या पाठीवरून हलकं बोट फिरवा. तीन कोपऱ्यांना सगळं गुळगुळीत लागेल. चौथ्या कोपऱ्याशी मात्र बोट अडखळेल. तिथे माझी साल निघालेली आहे, गुडघा खरचटल्यावर निघते तशी. माझी सगळी गोष्ट त्या कोपऱ्यात आहे.

मी एक जुना कागद आहे. साधासुधा नव्हे, पदवीचा. एक मुलगी गणित घेऊन पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली, एवढंच माझ्यावर लिहिलं आहे. खाली कुलगुरूंची सही आहे. मी छापखान्यातून निघालो तेव्हा नावाची जागा कोरी होती. एका म्हाताऱ्या लेखनिकाने टाकाने तिचं नाव लिहिलं, आणि प्रत्येक अक्षर संपलं की तो एकदा श्वास सोडायचा. त्या श्वासांनी माझी शाई वाळली.

समारंभाच्या दिवशी तिने मला दोन्ही हातांत धरलं. शेवटच्या रांगेत तिचे वडील बसले होते. अंगात स्वतः शिवलेला कोट, गळ्यात विसरून तशीच राहिलेली मोजायची टेप. हे आप्पा. शिंपीकाम करायचे. तिची आई ती शाळेत असतानाच गेली होती, तेव्हापासून घरात दोनच माणसं आणि एक शिलाई मशीन. मशीनवर बसले की आप्पा गुणगुणायचे:

सुई गेली पुढं, दोरा चालला मागुती
लेक चालली दूर, डोळे दारात जागती

ती हसून म्हणायची, "आप्पा, मी कुठे चालले आहे? इथेच तर बसले आहे." पण गाण्याला आधीच कळलं असावं. चार वर्षांनी ती खरंच दूर निघाली, परदेशातल्या एका शाळेत गणित शिकवायला.

तोवर मी तिच्या आईच्या शालीच्या घडीत झोपून होतो. आता मला कामाला लागावं लागलं. कागद खरा आहे ना, हे पाहून माझ्या पाठीवर शिक्के मारायचे होते. तीन कचेऱ्या, तीन शिक्के. पहिला बसला तेव्हा गुदगुल्या झाल्या. तिसरा, त्या परदेशाच्या वकिलातीचा, खालच्या कोपऱ्यात बसला, गडद निळा. तो मला सगळ्यात आवडायचा. आप्पांनी मला उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "पाठीवर एवढी शाबासकी मिळालेला कागद आपल्या घराण्यात पहिलाच."

परदेशात पाच वर्षं बरी गेली. शाळा काचेची होती, वर्ग थंडगार. मुलं तिला बाई म्हणायची आणि अपूर्णांकांना घाबरायची. भाकरीचे तुकडे करून ती त्यांची भीती घालवायची. ती एका खोलीत राहायची, सोबत एक नर्स होती, वयाने मोठी, म्हणून तिला ताई म्हणायची. मी कपाटात, खाकी पाकिटात. वर्षातून एकदा बाहेर निघायचो, दाखवला जायचो, परत आत. घडीवर थोडा विरलो होतो, कडा मऊ पडल्या होत्या. पण मजेत होतो.

चौथ्या वर्षी सुटीत ती मला घेऊन घरी आली. आप्पांच्या डोळ्यांत तेव्हा मोतिबिंदू उतरू लागला होता. सुईत दोरा ओवायला शेजाऱ्यांना हाक मारायचे. तरी बोटांना सगळं दिसायचं. त्यांनी माझ्या कडेवरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा पडला. कापड विरलं की शिंप्याला जसं होतं तसं. ती बाहेर गेली होती तेवढ्यात मला छातीशी धरून ते नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. "चांगलं जाड प्लॅस्टिक लाव बाबा," म्हणाले. "पाणी लागलं नाही पाहिजे, हात लागला नाही पाहिजे. आयुष्यभराची वस्तू आहे."

मला गरम रुळांमधून काढलं. दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिक चिकटलं, कडा बंद झाल्या. पाण्याखालून ऐकू यावं तसे आवाज लांब गेले. हात लागायचे, पण कळायचे नाहीत.

संध्याकाळी आप्पांनी मला टेबलावर उभं केलं. तिने पाहिलं, बोटाने टकटक केलं आणि म्हणाली, "किती छान केलंत, आप्पा." ती खोटं बोलत नव्हती. त्या गल्लीत सगळ्यांच्याच गुणपत्रिका प्लॅस्टिकमध्ये होत्या. चूक होती, पण मायेची होती, आणि तिथल्या कुणालाच ती चूक म्हणून ठाऊक नव्हती.

मग पाचवं वर्ष संपता संपता शाळेने दोन तुकड्यांची एक तुकडी केली आणि तिची जागा गेली. मुख्याध्यापक भले गृहस्थ होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पत्र दिलं.

मित्रांनो, दुसऱ्या देशात काम करायचं तर व्हिसा लागतो, म्हणजे राहण्याची आणि कामाची परवानगी. ती माणसाला नुसती मिळत नाही, ज्या शाळेत तो काम करतो तिच्या नावाला शिवलेली असते. शाळा बदलली की जुने टाके उसवायचे आणि नव्या शाळेच्या नावाला परत शिवायचे. त्यासाठी तीस दिवस. तीस दिवसांत टाके पडले नाहीत, तर सामान बांधून आपल्या घरी.

नवी शाळा तिला आठवड्यातच मिळाली. वरचे वर्ग मिळणार होते, आणि राहायला दोन खोल्या. दोन खोल्या, म्हणजे आप्पांना घेऊन येता येणार होतं. तिने फोन केला तेव्हा आप्पांनी मशीनवरचा पाय थांबवला. मग विचारलं, "मशीन विमानात चढू देतात का?" ती म्हणाली की मशीन इथे घेऊ. "छे," आप्पा म्हणाले, "नव्या मशीनला माझा पाय कळणार नाही."

तिने भिंतीवर तीस चौकोन आखले आणि वह्या तपासायच्या लाल पेनाने रोज एक खोडू लागली. जुन्या शाळेचं कार्यमुक्तीचं पत्र आलं, नव्या शाळेचा करार आला. नव्या शाळेतल्या कारकून बाईंनी सगळे कागद एकाखाली एक लावले आणि माझ्यापाशी थांबल्या. पाच वर्षं झालेला वकिलातीचा शिक्का चालत नाही, म्हणाल्या. मूळ कागदाच्या पाठीवर नवा शिक्का घेऊन या. सोपं काम आहे.

दहाव्या दिवशी आम्ही तिथल्या सरकारच्या, वकिलातीचे शिक्के पाहणाऱ्या कचेरीच्या खिडकीशी होतो. खिडकीवरच्या साहेबांनी मला हातात घेतलं, उलटं केलं, वाकवून पाहिलं.

"हे काय केलंत?"

ती म्हणाली, कागद खराब होत होता म्हणून.

"आता होणार नाही. शिक्कासुद्धा बसणार नाही. प्लॅस्टिकवर मारला तर तुमच्या बोटानेही पुसला जाईल." वाईट माणूस नव्हता तो. रोज असे दहा कागद बघत असणार. विद्यापीठातून दुसरा काढा, म्हणाला. तिने तिथूनच विद्यापीठाला फोन लावला. दुसऱ्या प्रतीला तीन महिने.

आत माझी शाई धडधडत होती. ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, मी इथेच आहे, खरा आहे, फक्त या काचेसारख्या पापुद्र्याच्या आत आहे. पण कागद बोलतो तो दुसऱ्याने लिहिलेलं तेवढंच.

खोलीवर आल्यावर ताईने मला उलटंसुलटं पाहिलं. "तुझ्या आप्पांनी कागदाला रेनकोटच घातला की गं," म्हणाली. दोघी हसल्या. हसता हसता ती रडायला लागली. ताई म्हणाली, आप्पांना सांग तरी. ती म्हणाली, "नाही. त्यांना वाटेल की त्यांच्यामुळे." थोड्या वेळाने डोळे पुसत म्हणाली, "त्यांच्यामुळेच, पण त्यांना ते वाटता कामा नये."

विद्यापीठाला अर्ज झाले, विनवण्या झाल्या. चौकोन लाल होत गेले. एकोणीस. वीस. शेवटी एका सुटीच्या दुपारी तिने आप्पांना फोन लावला. सहज विचारावं तसं विचारलं की एका मैत्रिणीच्या ब्लाउजच्या कॉलरला चुकीचं बकरम चिकटलंय, तुम्ही कसं सोडवायचात? बकरम म्हणजे कॉलर ताठ राहावी म्हणून आतून चिकटवतात ते कडक कापड.

आप्पा खुलले. किती दिवसांनी कुणी कामाचं विचारलं होतं. "इस्त्री फार तापवायची नाही. मधे सुती फडकं ठेवायचं. गरम आहे तोवरच सोडवायचं, थंड झालं की परत धरतं आणि कापडाची साल काढतं. आणि ओढायचं नाही, पोरी. कापड कुठून यायला तयार आहे ते बघायचं आणि तिकडून जायचं."

फोन ठेवून तिने कात्रीने माझ्या बंद कडा कापल्या. टेबलावर चादर, चादरीवर मी पालथा, माझ्यावर तिचा जुना सुती रुमाल. इस्त्री आली. ऊब आली. वर्षभराने मला काहीतरी कळलं. एका कोपऱ्यातून प्लॅस्टिक उचललं गेलं आणि आत वारा शिरला. मित्रांनो, तो वारा कसा सांगू? ती ओठ दाबून, श्वास धरून, एकेक बोट पुढे सरकत होती. इस्त्री, रुमाल, बोट. इस्त्री, रुमाल, बोट. एक शिक्का मोकळा झाला. दुसरा मोकळा झाला. ताई दाराशी उभी राहून हात जोडत होती.

शेवटचा कोपरा राहिला होता, निळ्या शिक्क्याचा. तेवढ्यात फोन वाजला.

आप्पांचा होता. "सुटली का गं कॉलर?"

"सुटते आहे, आप्पा."

"घाई करू नकोस. सांगायचं राहिलं होतं, शेवटचा कोपरा सगळ्यात चिवट असतो." मग त्यांनी जेवणाचं विचारलं, थंडीचं विचारलं, दोन खोल्यांत सकाळचं ऊन येतं का विचारलं. ती हो हो म्हणत राहिली. त्यांना तोडणं तिच्याने झालं नाही. मी गार होत होतो, आणि मला सांगता येत नव्हतं.

फोन ठेवून तिने प्लॅस्टिक धरलं आणि उचललं. कोपऱ्याची साल निघाली. निळा शिक्का अर्धा माझ्याकडे राहिला, अर्धा प्लॅस्टिकबरोबर गेला.

पुढच्या बाजूचं प्लॅस्टिक नंतर नीट निघालं. चोविसाव्या दिवशी खिडकीवरच्या साहेबांनी माझ्या पाठीवर अंगठा फिरवला. तीन कोपऱ्यांना समाधान मानलं. चौथ्याशी अंगठा थांबला. भिंगातून पाहिलं, आत जाऊन कुणाला तरी दाखवून आले. "हा आमचाच शिक्का," ते हळू आवाजात म्हणाले, "आणि आम्हालाच ओळखू येत नाही. फाटक्या शिक्क्याच्या कागदावर नवा मारता येत नाही, बाई. मला अधिकारच नाही." आणि त्यांनी मला दोन्ही हातांनी परत दिलं. एवढा मान मला आधी कुणी दिला नव्हता, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

कारकून बाई तिसाव्या दिवसापर्यंत थांबल्या. मग जागा दुसऱ्या कुणाला गेली. त्या दोन खोल्याही.

घरी आल्यावर तिने आप्पांना सांगितलं की नव्या शाळेचा बेत बदलला, जागाच रद्द झाली. आप्पा म्हणाले, बरं झालं, मशीनचा विमानाचा प्रश्न मिटला. तिने हसायचा प्रयत्न केला.

चार दिवसांनी ती अंघोळीला गेली असताना आप्पा तिची बॅग रिकामी करत होते. खाकी पाकीट हाताला लागलं. त्यांनी मला बाहेर काढलं आणि तिथेच थबकले. प्लॅस्टिक नव्हतं. त्यांची बोटं माझ्या पाठीवरून चालू लागली. एक कोपरा, दुसरा, तिसरा. चौथ्याशी ती अडखळली. ते खाली बसले. दिसत नव्हतं तरी मला डोळ्यांजवळ नेलं. मग मांडीवर पालथं ठेवून हात ठेवला, ताप आलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवतात तसा.

ती केस पुसत आली आणि दारातच उभी राहिली.

आप्पा म्हणाले, "कॉलर होती म्हणालीस."

ती ओला टॉवेल तसाच धरून त्यांच्यासमोर बसली.

"बाकी सगळं नीट सोडवलंस. माझ्यापेक्षा नीट. या कोपऱ्याला तेवढं थंड होऊ दिलंस." त्यांनी साल निघालेली जागा अंगठ्याने दाबली. "घाई कसली झाली होती गं?"

"झाली, आप्पा," ती म्हणाली.

फोन कुणाचा आला होता, हे तिने सांगितलं नाही. मला ठाऊक होतं. पण मला तोंड कुठे आहे?

त्या दुपारी आप्पा मशीनवर बसले. तिच्याकडून सुईत दोरा ओवून घेतला आणि जुन्या मलमलचा तुकडा काढला. "सुई गेली पुढं," एवढंच गुणगुणले, पुढची ओळ आली नाही. तीन बाजू शिवल्या, चौथी तशीच ठेवली. मला आत सरकवलं. माझ्याशेजारी अजून एका कागदापुरती जागा होती.

"दुसरा येईल ना तीन महिन्यांनी," आप्पा म्हणाले. "त्याला परत पाठवू कुठेतरी. हा राहू दे माझ्यापाशी."

"आणि बटण?" तिने विचारलं.

"नको. उघडीच राहू दे."

तेव्हापासून मी मलमलच्या पिशवीत आहे. कामाचा उरलो नाही, पण वारा लागतो. मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखं कुणी असेल, एखादा कागद, एखादं पुस्तक, एखादं माणूस. त्याला जरूर जपा. पण त्याच्याभोवती काही शिवायला बसलात, तर आप्पांची आठवण ठेवा आणि तीन बाजू झाल्या की सुई खाली ठेवा.