वाऱ्याचा वाटा

"दाजी, तिरपं करू नका! बराबर धरा!" शिडीच्या मधोमध उभा राहून संपत ओरडत होता, आणि ते लाकडी पिंप माडीवरून अवघडलेल्या म्हशीसारखं एकेक पायरी खाली येत होतं. संपत म्हणजे तुळजाबाईचा धाकटा भाऊ. खास या कामासाठी तो सकाळीच अंतरवालीहून वाटूरला आला होता, खिशात स्वतःचा पेला घेऊन! तुळजाबाई खाली पदर खोचून उभी होती. सात वर्षं तिनं या दिवसाची वाट पाहिली होती, आणि शेवटची चार-पाच वर्षं या दिवसाला ती भ्यालीही होती.

त्याचं असं झालं. तिचा नवरा कारभारी पुण्याकडच्या एका वाइनच्या कारखान्यात बारा वर्षं होता. गळ्यात तुळशीची माळ आणि नोकरी दारूच्या तळघरात! गाव हसून हसून बेजार. पण पठ्ठ्यानं थेंबसुद्धा कधी जिभेवर ठेवला नाही. नुसतं नाक लावून सांगायचा, हे पिंप बिघडलं, हे जमलं. कधी चुकला नाही. नोकरी सोडून निघाला तेव्हा साहेबांनी हे चाळीस लिटरचं जुनं पिंप त्याच्या हवाली केलं.

शहाण्णवच्या फाल्गुनात कारभाऱ्यानं दीड क्विंटल द्राक्षं आणली, घड दोऱ्यांना बांधून माडीवर टांगले. तीन आठवड्यांत ते सुरकुतले. मग नवराबायकोनं धडप्यातून हातानं पिळून रस काढला, काकवीसारखा दाट. त्यात कारखान्यातल्या जुन्या पिंपाचा गाळ घातला, विरजण म्हणून. वर चार बोटं जागा सोडून तोंड चुन्यानं लिंपलं. नव्या वस्तूला लावतात तसं तुळजाबाईनं कुंकू लावलं, म्हणजे अंगठाच ओल्या चुन्यात दाबला. वर गोणपाट, त्याला तार.

"आता सात वर्सं हात लावायचा न्हाई," कारभारी म्हणाला होता. "उन्हाळ्यात पत्र्याखाली पोळू द्यायचं, हिवाळ्यात निजू द्यायचं."

दुसऱ्या दिवाळीला माडी झाडताना तुळजाबाईनं पिंपावर सहज बोट वाजवलं. कणगीत ज्वारी किती उरली हे तिला असंच कळायचं. वर पोकळ, खाली भरीव. तिनं तिथं कोळशानं रेघ मारली. पुढच्या दिवाळीला आवाज दोन बोटं खाली सरकला. त्याच्या पुढच्या दिवाळीला आणखी खाली. माळ घालून हा माणूस चोरून पितो की काय? गोणपाट सोडून बघायला दोन मिनिटं पुरली असती. पण चुना फुटलेला निघाला तर? त्यापेक्षा न बघितलेलं बरं. न विचारलेलंही बरं. फक्त एकादशीला त्याच्या ताटात साबुदाणा वाढताना तिचा हात आखडायचा.

पिंप ओट्यावर टेकलं आणि कारभारी वाकून बघायला लागला.

"आरं, ह्या रेघा कुनी मारल्या?"

"म्या!" तुळजाबाईला आता राहवेना. "दरसाल खाली जाऊन राह्यलंय ते. कोन पितंय, सांगा जल्दी."

कारभारी असा हसत सुटला की त्याला खाली बसावं लागलं. "अगं येडे! लाकूड पितं, वारा पितो! तिसरा हिस्सा वाऱ्याचाच ऱ्हातो. म्हनून तर उरल्यालं दाट व्हतं." आणि एकदम थांबला. "मी पितो वाटलं तुला?"

"वाटलं," ती म्हणाली. खोटं कशाला बोलायचं?

"मंग सोड गोणपाट. तूच सोड."

तिनं तार सोडली. चुना पिवळा पडला होता, पण केसाएवढी चीर नव्हती. मधोमध तिचाच अंगठा, कुंकू काळपट झालेलं, विळ्याच्या जुन्या वणाची तिरपी रेघ जशीच्या तशी. तिनं त्यावर अंगठा टेकवला. बरोबर बसला. तुळजाबाईला रडू आलं आणि रडता रडताच हसू फुटलं. "जळलं मेलं माझं मन," ती म्हणाली. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं होतं, अंगणभर नाचावंसं वाटत होतं.

कारभाऱ्यानं छिन्नीनं चुना फोडला आणि वास असा सुटला की शेजारची कुत्री उठून उभी राहिली. संपतनं नळीनं पेला भरला. मधासारखा रंग. तो तोंडाला लावणार, तोच तुळजाबाईनं हातातून काढून घेतला.

"आक्का, तू?"

"माळ त्यांच्या गळ्यात हाये, माझ्या न्हाई. ज्याच्यापायी इतकी वर्सं जळले, ते आधी मीच चाखनार."

तिनं घोट घेतला. कारभारी निकालाला आलेल्या पोरासारखा पुढं वाकला होता. बारा वर्षं ज्यानं हेच केलं, त्याला याची चव ठाऊक नाही, हे तिच्या आता ध्यानात आलं आणि तिला त्याची फार माया आली.

"कसंय गं?"

"थांबा की जरा." तिनं डोळे मिटले. "आधी मनुके. मंग गुऱ्हाळात काहिलीच्या काठाला गूळ करपतो ना, तसं. शेवटाला थोडी चिंच."

"चिंच म्हनलीस? नक्की?"

"बिलकुल. आन् घसा गरम, शेकोटीपुढं बसल्यावानी."

"मंग जमलं!" कारभाऱ्यानंही डोळे मिटून घेतले. "अजून एक घे. हळू घे, आन् नीट सांग."

तुळजाबाईनं घोट घेतला, आणि इकडं माळेमागं कारभाऱ्याचा घसाही गिळल्यासारखा हलला.