कुठे धरू?

माझ्या मुलीला मुलगी झाली, न्वोन्वो, त्या वर्षी माझा नवरा घरातच बसून राहिल्याला चार वर्षं झाली होती. आम्ही सातव्या मजल्यावर राहायचो. इमारतीला लिफ्ट नव्हती, आणि अर्धांगवायूने त्याची डावी बाजू गेलेली. दवाखान्यात नेताना जावयाने त्याला न विचारता पोत्यासारखं पाठीवर घेतलं. जिन्यात बायका उभ्या होत्या, आणि त्यांच्यासमोर त्याची पँट घसरली. घरी परत आल्यावर तो म्हणाला, "आता उतरेन तो मेल्यावरच."

न्वोन्वोचा शंभरावा दिवस जवळ आला. त्या दिवशी सगळे नातेवाईक जेवायला जमतात. मुलीचा फोन आला, "बाबा नसतील तर मी जेवणच घालणार नाही."

"नको घालूस. फोटो पाठव," म्हातारा म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

मी तेव्हा चीनमधल्या छोंगछिंग शहरात नदीच्या धक्क्यावर हमाली करायचे. खांद्यावर बांबू, बांबूला दोन दोर. त्याच आठवड्यात बोटीतून चाकाच्या खुर्चीतली एक बाई उतरली. चाळिशीची, एकटीच, बोटीवाला म्हणाला, मंगोलियाची आहे. धक्क्यापासून वर रस्त्यापर्यंत दोनशेच्या वर पायऱ्या. आम्ही पाच-सहा जण तिच्याभोवती जमलो.

"वय काय हो तुमचं?"

"नवरा कुठाय?"

"पाय कशाने गेले?"

"अरे, तिला आपली भाषा येत नाही."

"मग जरा मोठ्याने विचार की!"

आमच्यातल्या धाकट्या थानला धीर कसला. त्याने खुर्चीचा हात धरून हिसका दिला, आणि तो हात सुटून त्याच्या मुठीत आला. लोक हसले. मी तोवर चाकांना दोर बांधायला घेतला होता. बांबूला लटकवून न्यायचा विचार होता, कपाट नेतो तशी.

बाईने तळवा वर केला. पिशवीतून एक जाड कार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. कुणी असं दोन्ही हातांनी दिलं की आपल्यालाही दोन्ही हातांनी घ्यावं लागतं, म्हणून मी दोर खाली टाकला. मी बावन्नाव्या वर्षी गल्लीतल्या वर्गात अक्षरं शिकले, अजून बोट ठेवून वाचते. कार्डावर आमच्याच लिपीत लिहिलं होतं:

'उचलण्याआधी मला विचारा. मी दाखवीन तिथेच धरा. खुर्चीचे हात निघतात. चढताना माझं तोंड मागे ठेवा, उतरताना पुढे. घाई करू नका.'

"ही आपल्याला हमाली शिकवणार?" थान म्हणाला.

"खुर्चीचा हात तुझ्याच हातात आहे ना? मग शीक."

तिने बोटाने दाखवलं: मागच्या दोन मुठी, पुढची लोखंडी नळी. मी मान डोलावून विचारलं, तिने मान डोलावून हो म्हटलं. मागे थान, पुढे मी. तिचं तोंड नदीकडे. मध्येच ती तळवा वर करायची, आम्ही खुर्ची पायरीवर टेकवायचो, आणि ती नदीवरच्या बोटी बघत बसायची.

"महाराणी आहे का ही?" थान धापा टाकत म्हणाला.

"आहे. तू दम खाऊन घे."

वर पोचल्यावर तिने शेवयांच्या गाडीवर दुसरं कार्ड दाखवलं: 'तिखट नको.' गाडीवाली मला म्हणाली, "नको म्हणजे थोडंसं ना?" आणि अर्धा चमचा घातलंच.

घरी जाऊन मी म्हाताऱ्याला सगळं सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून ऐकत होता.

"तिने थांबा म्हटलं की तुम्ही थांबायचात?"

"थांबायचो."

"थानसुद्धा?"

"थानसुद्धा."

तो वळला. "उतरताना तोंड पुढे का?"

"मला काय ठाऊक! पडलास तर कुठे पडतोस ते दिसावं म्हणून असेल."

तो हसला. आमची चाकाची खुर्ची गॅलरीत होती, तिच्यावर मी मिरचीच्या कुंड्या ठेवल्या होत्या. त्याने ती आणायला सांगितली. उजव्या हाताने नळ्या चाचपल्या, खुर्चीचे हात ओढून पाहिले. मग मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि आमच्या लग्नाला एकेचाळीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा त्याला विचारलं, "कुठे धरू?"

त्याने कमरेची पँट वर ओढली.

"आधी पट्टा घट्ट बांध," तो म्हणाला. "डावा हात माझ्या मांडीवर ठेव, नाहीतर कठड्यात अडकेल. मागे थान चालेल, पण त्याला सांग, त्या दिवशी लसूण खाऊ नकोस."

शंभराव्या दिवशी सात मजले उतरायला आम्हाला पाऊण तास लागला. प्रत्येक मजल्यावर तो "थांबा" म्हणायचा. चौथ्या मजल्यावर नवं दार बसलं होतं, तिसऱ्यावर कुणीतरी मांजर पाळलं होतं. त्याला सगळं बघायचं होतं. तिथल्या बाईला त्याने मांजराचं वयही विचारलं. खाली जावई उभा होता, शेजारी मुलगी न्वोन्वोला घेऊन. तो पुढे धावला, आणि दोन हात लांब थांबून म्हणाला, "बाबा, मी कुठे धरू?"

"तू न्वोन्वोला धर," म्हातारा म्हणाला. "मला दिसेल असं."

त्यानंतर तो अकरा वेळा खाली उतरला. माझा नवरा फान दशुन पुढच्या वर्षी बाराव्या चांद्रमहिन्याच्या आठव्या दिवशी सकाळी वारला. तो एकाहत्तर वर्षांचा होता.