मोहरीच्या कुळातली फुलं

"ये तो सफेद सरसों लगता है," सुमैय्या शीतखोलीच्या दारातूनच म्हणाली. हॉटेलमधल्या स्प्रिंग पार्टीची सजावट तिच्याकडे होती.

"उसी की फॅमिली है, मॅडम," विभावरी म्हणाली. "ठंडे मुल्क के जंगल में, पेड़ों पर पत्ते आने से पहले खिलते हैं."

"बट सो स्मॉल. गेस्ट को दिखेंगे ही नहीं."

आखातातल्या, रास अल खोरच्या या गोदामात विभावरीने अख्खा हिवाळा जॅकेट घालून काढला होता. खोली जरा तापली की या फुलांचे कंद कुजायचे. जानेवारीत सांगलीहून सतीशचा, धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, आईला अर्धांगवायू झालाय. सारखं तुझं नाव घेते."

तिने सुट्टी मागितली, तेव्हा मालक दत्तप्रसाद म्हणाले, "अगं, तुझ्याशिवाय हे कोण सांभाळणार? फुलं येऊ देत, मग महिनाभर जा. आई थांबेल, इन्शाल्ला."

आई थांबली नाही. तिला नेलं ते विभावरीने याच वाफ्यांमध्ये उभं राहून फोनवर पाहिलं. त्यानंतर सतीशने फोन केला नाही.

आणि या आठवड्यात फुलं आली. चार-चार पाकळ्यांची, पांढरी, कडेला पुसट जांभळी. तिने एकटीनेच ती पाहिली.

"ट्यूलिप चलेगा?" दत्तप्रसादांनी सुमैय्याला विचारलं. "प्लास्टिक के. एकदम रिअल."

"परफेक्ट," म्हणत ती गाडीकडे गेली.

दत्तप्रसाद वळले. "हे आजच खलास कर. खोली गुलाबांना लागतेय."

"सर, फुलं गेली तरी कंद जगतात. एक कोपरा राहू द्या, पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी कोण विचारतंय? आणि हो, तुझी लीव्ह राहिलीय ना? घे आता. तसंही काम नाहीये."

ड्रायव्हर यूनुस फावडं घेऊन आला. तिने ते त्याच्या हातून घेतलं आणि एकेक वाफा स्वतः उकरला. भरलेले क्रेट यूनुस उघड्या ट्रकमध्ये रिकामे करत राहिला.

काम संपल्यावर तिने सतीशला फोन लावला. "सुट्टी मिळाली रे. येऊ का?"



"आईची खोली भाड्याने दिलीय, ताई. आलीस तर लॉजवर उतर."

"बरं," ती म्हणाली.

बाहेर ट्रकमधल्या पाकळ्या उन्हाने एवढ्यातच काळवंडल्या होत्या. यूनुस एकटाच त्यांच्यावर ताडपत्री ओढत होता. विभावरीने जाऊन दुसरं टोक धरलं.